माच्छीबाईंच्या नावाचा शिक्का

सुट्टीच्या दिवशी माच्छीबाई भंगारवाल्याकडे जायच्या. चिखल्याहून डहाणू, डहाणूहून तलासरी आणि तिथून पुढे अच्छाड. तिथं हायवेच्या कडेला ट्रकच्या रांगा लागतात, ढाबे आहेत आणि ढाब्यांच्या मागे भंगाराची तीन-चार गोदामं आहेत. रविवारी बाकीच्या बायका केस धुतात, बाजार करतात. या बाई पत्र्याच्या शेडखाली गोणपाटावर बसून मेलेले दिवे उघडायच्या. आमच्याच कारखान्यात बनलेले, लाइट गेली की लावायचे, चार्जिंगचे दिवे. एकेक दिवा उघडायचा, तो कशानं मेला ते बघायचं आणि वहीत लिहायचं. ‘बटण गेलं.’ ‘तार सुटली.’ ‘पाणी शिरलं.’ ‘बॅटरी फुगली.’

मी एकदा विचारलं होतं, की गिऱ्हाइकांच्या तक्रारी कंपनीत येतातच, मग एवढ्या लांब कशाला जायचं? बाई म्हणाल्या, “तक्रार करणारा रागात असतो, डिप्लोमा. भंगारात पडलेला दिवा कशाला रागावेल? तो झालं तेवढंच सांगतो.”

डिप्लोमा म्हणजे मी. वडील रेल्वेत, घर डहाणू रोडला, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी तलासरीजवळच्या या कारखान्यात लागले, ती चाचणी विभागात, माच्छीबाईंच्या हाताखाली. सुमन माच्छी हे त्यांचं पूर्ण नाव. शिक्षण दहावी नापास. लाइनवर तारा जोडता जोडता त्या चाचणी विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी तासभर चालू असलेला एक चार्जर काढून माझ्यासमोर धरला. “गालाला लाव.”

मी लावला आणि झटकन काढला. “गरम आहे.”

“ते मलाही कळतं. किती गरम? चहाच्या कपाइतका, की ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतका?”

“टेंपरेचर मोजायचं मशीन आहे ना इथं?”

“आहे. ते कपाटात आहे. गाल तुझ्याजवळ आहे. परत लाव.”

मी परत लावला. त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. संध्याकाळी आईनं विचारलं, गालाला काय झालं? मी सांगितलं, चावलं काहीतरी.

आमच्या विभागाचं काम वस्तू मारून बघायचं. दिवा छातीच्या उंचीवरून लादीवर टाकायचा, पुन्हा टाकायचा. बटण हजारो वेळा दाबायचं. चार्ज करायचा, संपवायचा, पुन्हा चार्ज करायचा, थकून मरेपर्यंत. एखादा दिवा महिनाभर टिकला की मी खूश व्हायचे. बाई वैतागायच्या. “मला जगलेला नको दाखवूस. मेलेला आण. जगलेल्याकडून काय शिकायचं?”

लाइनवरच्या मुलींशीही त्या अशाच वागायच्या. एखादीच्या हातून जोड कच्चा राहिला, की तो नापास दिवा त्या दोरीत ओवायच्या आणि तिच्या गळ्यात घालायच्या. मग दिवसभर तो तसाच. जेवायला जाताना, पाणी प्यायला जाताना, मुकादमासमोरून जाताना. कोणी रडली तर म्हणायच्या, “रड. पण हात चालू ठेव.”

ज्योत्स्ना म्हणून एक मुलगी होती, तलासरीच्या एका पाड्यावरची. नवीन लग्न झालेलं, भाताची कामं संपली की कारखान्यात यायची. हात चपळ, पण बोलायला फार. तिच्या गळ्यात बाईंनी एका आठवड्यात तीनदा दिवा घातला. तिसऱ्या वेळी तिचा नवरा डबा द्यायला गेटवर आला होता. ज्योत्स्ना ओढणीनं दिवा झाकायला बघत होती. बाईंनी सगळ्यांसमोर ओढणी बाजूला केली. “झाकतेस कशाला? तुझंच काम आहे. बघू दे त्याला.” नवरा मान खाली घालून परत गेला. तो डबा दिवसभर पहारेकऱ्याच्या टेबलावर तसाच राहिला.

एकदा माझ्याही गळ्यात तो दिवा आला. मी एका नोंदीत तारीख चुकवली होती. डिप्लोमावालीच्या गळ्यात दिवा म्हटल्यावर मुली जेवण सोडून बघायला आल्या. मी त्या दिवशी ठरवलं, की या बाईचं कधीतरी वाईट झालं पाहिजे. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा ते मला अगदी स्पष्ट, शब्दांत वाटलं होतं.

त्या वर्षी नवीन मॉडेल आलं. पातळ, पांढरं, दिसायला फोनसारखं. मॅनेजर भावेशभाईंनी ते स्वतः आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं. भावेशभाई वापीहून यायचे, गोड बोलायचे, सगळ्यांना बेन म्हणायचे.

“माच्छीबेन, वॉरंटी सहा महिन्यांची आहे. आपल्याला सात महिने चालला तरी खूप. जुना दिवा चार-चार वर्षं मरतच नाही, मग नवा घेणार कोण?”

मला वाटलं आता बाई भडकणार. त्यांनी नुसती मान हलवली. “सात महिन्यांनी मरू दे. मला काय करायचंय? बॅटरी हलकी घाला, बटण हलकं घाला. पण गप मरू दे. मरताना कुणाला घेऊन नको.”

बाई वस्तूंना जपणाऱ्या होत्या असं कोणाला वाटेल, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. जुन्या दिव्याचं बटण हलकं करायची युक्ती त्यांचीच होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की वस्तू कशी मरणार ते आपल्याला आधी माहीत पाहिजे.

वीस दिवे आम्ही चार्जिंगला लावले. दोन दिवस, न काढता. दुसऱ्या दिवशी सकाळी चार दिव्यांची पाठ फुगलेली होती. अकराच्या सुमाराला त्यातला एक फुटला. लोखंडी पेटीत होता म्हणून बरं, पण पेटीचं झाकण उडून छताला लागलं आणि खोलीभर असा धूर झाला की डोळे उघडेनात. बाईंनी वाळू ओतली, पेटी थंड होऊ दिली आणि चिमट्यानं दिवा उघडला. बॅटरी जास्त तापली की चार्जिंग आपोआप तोडणारा एक भाग असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही त्याला कटऑफ म्हणायचो. नव्या मॉडेलमध्ये त्याची जागा होती. कटऑफ नव्हता.

“विसरले?” मी म्हटलं.

“विसरले असते तर एका दिव्यात विसरले असते,” बाई म्हणाल्या. “वीसच्या वीस उघड.”

एकाही दिव्यात तो नव्हता.

भावेशभाई आले तेव्हा धुराचा वास अजून होता. त्यांनी रुमाल नाकाला लावला. “दोन दिवस कोण चार्जिंगला लावतं, बेन? माणूस चार तास लावतो, काढतो.”

“तुमच्या घरी. पाड्यावर लाइट कधी येणार ते कुणाला माहीत नसतं. प्लगला लावून माणूस मजुरीला जातो, तो दिवा तिथंच. दोन दिवस काय, आठवडा राहतो. अच्छाडला या माझ्याबरोबर, फुगलेले दाखवते.”

“एम ना चाले, बेन. माल पुढच्या आठवड्यात निघायचाय.”

“निघू दे. कटऑफ घालून निघू दे.”

“चाचणीच्या कागदावर सही करा.”

“नाही करणार.”

भावेशभाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलला. रबरी शिक्का होता, ‘सुमन माच्छी, चाचणी विभाग’ असा. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. “माच्छीबेन उद्यापासून पॅकिंगला बघतील. आजपासून इथं तू. शिक्का तुझा बनेपर्यंत हाच वापर. आणि तुझी कायम करण्याची ऑर्डर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, ती संध्याकाळी घेऊन जा.”

बाई समोर बसल्या होत्या. मी शिक्का मारला आणि त्याच्यावर सही केली. माझी सही तशीही वाचता येत नाही. मला कायम व्हायचं होतं हे खरं आहे, भीती वाटत होती हेही खरं आहे. पण हात पुढे गेला तेव्हा माझ्या मनात गळ्यातला दिवा होता. बाईंनी बघावं म्हणून मी सही जरा सावकाश केली.

मुलींना आत काय झालं ते कधी कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की माच्छीबाईंना चाचणीतून काढून पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. काहीतरी मोठी चूक केली असणार, असं त्यांनी धरलं. मी ते खोडून काढलं नाही.

पॅकिंगच्या चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुलींनी मागून येऊन बाईंच्या गळ्यात दोरी घातली. दिवा नव्या मॉडेलचा, पांढरा. पुढे ज्योत्स्ना होती. “बाई, खोका वाकडा बांधलात,” ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. चाचणीची खोली काचेची आहे, मला सगळं दिसत होतं. मी उठून जाऊ शकले असते, माझा शब्द आता चालत होता. मी डब्यातली पोळी संपवली.

बाईंनी दिवा काढला नाही. त्या दिवसभर तो घालून खोके बांधत राहिल्या, सुटीला कार्ड मारायला रांगेत तशाच उभ्या राहिल्या, तशाच बसमध्ये चढल्या. बस चारोटीला वळली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “बाई, काढा आता.” बाई म्हणाल्या, “घातला कुणी?” डहाणू स्टेशनला उतरल्यावर त्यांनी तो गळ्यातून काढला आणि पिशवीत घातला.

दिवाळीला कंपनीनं प्रत्येक कामगाराला एकेक दिवा भेट दिला. पांढरं मॉडेल, वर लाल फीत. सुटीच्या वेळी माच्छीबाई गेटवर उभ्या राहिल्या. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकीला अडवून सांगत होत्या, “प्लगला लावून ठेवू नका. फुगला तर हात लावू नका, पोरांना लांब करा. कळतंय का, बिनडोक्यांनो? ऐका!” त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येत नव्हतं. मुली ऐकून हसल्या. ज्योत्स्ना म्हणाली, “गळ्यात घालून फिरू का, बाई? म्हणजे प्लगला लागणार नाही.”

मी भावेशभाईंच्या गाडीत मागे बसले होते. काच वर होती.

डिसेंबरात, दुपारी, ज्योत्स्ना रानातून घरी आली. लाइट तीन दिवसांनी आली होती. दिवा खिडकीशी प्लगला होता आणि त्याची पाठ फुगली होती. खाली सासूनं पापड्या वाळत घातल्या होत्या, त्यांना काही होऊ नये म्हणून ती तो उचलायला गेली. तो तिच्या हातात फुटला. उजवा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. गालाची कातडी मानेपर्यंत आवळून आली. तिला डहाणूच्या दवाखान्यात आणलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. कंपनीनं एक पत्र पाठवलं, की चार्जिंग चालू असताना दिवा हाताळू नये असं खोक्यावर छापलेलं आहे. छापलेलं होतं. इंग्रजीत.

तिच्या नवऱ्यानं तक्रार केली. मग चौकशीला एक साहेब आले. भावेशभाईंनी चाचणीचा कागद पुढे केला. साहेबांनी शिक्का वाचला आणि माच्छीबाईंना बोलावलं.

“ही सही तुमची?”

“शिक्का माझा. सही माझी नाही.”

“मग कोणाची?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ज्यानं केली त्याला विचारा. मी नाव घेणार नाही. वीस दिव्यांत कटऑफ नव्हता, ते माझ्या वहीत लिहिलंय. वही यांच्याकडे आहे.”

“कसली वही?” भावेशभाई म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू तिथंच होतीस ना? सही कोणाची, सांग साहेबांना.”

मी म्हटलं, “माच्छीबाईंची.”

दोन सह्या शेजारी ठेवल्या असत्या तर शाळेतल्या मुलालाही फरक कळला असता. साहेबांनी फाइल मिटली. जेवणाची वेळ झाली होती, चारोटीच्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं.

त्याच दिवशी बाईंना काढलं. कंपनीच्या बसमध्येही बसू दिलं नाही. मी हायवेवर त्यांच्या मागे गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. त्या एस.टी.ची वाट बघत उभ्या होत्या, हातात डब्याची पिशवी. ट्रक जात होते, धूळ उडत होती.

“बाई, मला त्यांनी...”

“तू का केलंस ते मला सांगत बसू नको. मला ठाऊक आहे. तुझ्या गळ्यात दोरी घातली तेव्हाच तुझ्या डोळ्यात दिसलं होतं.”

“तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?”

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “सही तुझी. ते तुझं तू बघ. पण मी गेटवर ओरडले तेव्हा ती पोरगी हसली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं प्लग काढला असता. मी सांगितलं म्हणून नाही काढला. नवऱ्यासमोर तिची ओढणी मी ओढली होती.” एस.टी. आली. पायरीवर पाय ठेवून त्या म्हणाल्या, “जा आता. उन्हात उभी राहू नको, काळी होशील. मग लग्न कोण करेल तुझ्याशी?” त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेलं ते शेवटचं वाक्य.

पांढरं मॉडेल बंद झालं. उरलेला माल नाव खरवडून हायवेवर विकला गेला. चारोटीच्या नाक्यावर टोपलीतून विकताना मी तो पाहिला. तीन महिन्यांनी तोच दिवा निळ्या रंगात, दुसऱ्या नावानं आला, आणि या वेळी त्यात कटऑफ होता. त्याच्या कागदावर माझी सही आहे, माझ्या स्वतःच्या शिक्क्यावर. मी अजून तिथंच काम करते. मुली मला मॅडम म्हणतात. मी कोणाच्या गळ्यात काही घालत नाही.

दोन वर्षांनी माच्छीबाई गेल्या. सकाळी अंगणात बोंबील वाळत घालताना पडल्या, त्या उठल्याच नाहीत. कारखान्यात कुणी सुतक धरणार नव्हतं. मला आठवड्यानं कळलं. मी चिखल्याला गेले, ती दहाव्या दिवसाच्या दुपारी. ओटीवर भावजय होती, शेजारच्या बायका होत्या आणि कोपऱ्यात ज्योत्स्ना बसली होती.

मी तिला अपघातानंतर पहिल्यांदाच पाहत होते. पदर उजव्या गालावर ओढलेला. तिनं मला लगेच ओळखलं आणि बसायला जागा केली. चहा तिनंच आणून दिला, डाव्या हातानं.

“बाई दवाखान्यात यायच्या,” ती म्हणाली. “दर आठवड्याला. चिखल्याहून. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तोंड फिरवलं. तर म्हणतात, ‘फिरव. चांगला डोळा माझ्याच बाजूला आहे, मला दिसतंय.’ असल्या बाई! घरी आले तरी यायच्या. डाव्या हातानं भात कसा कापायचा ते बसून बघायच्या. चुकलं की शिव्या. माझ्या सासूला पण शिव्या. सासू घाबरायची त्यांना.” ती जराशी हसली. चेहऱ्याची एकच बाजू हलली. “मी एकदा तोंडावर सांगितलं त्यांना. म्हटलं, बाई, तुमच्या सहीनं माझा डोळा गेला. पण तुम्ही एवढ्या येता, जाऊ दे, मी माफ केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘बरं.’ तेवढंच. त्या दिवशी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.”

भावजय माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं की नव्हतं ते मला आजही माहीत नाही.

ज्योत्स्ना जवळ सरकली. “ताई, तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात. सही केली तेव्हा तुम्ही होतात. एक खरं सांगा. दिवा फुटणार हे सही करणाऱ्याला माहीत होतं का हो?”

तिचा एकच डोळा माझ्यावर होता. मी म्हटलं, “नसेल माहीत.”

तिनं सुस्कारा सोडला. “मला पण तसंच वाटतं. माहीत असून कोण करेल?” आणि माझ्या हातातला कप घेऊन ती आत विसळायला गेली.